जुन्या मोटारसायकलचा फ्लोट

आपल्या परभणी जिल्ह्यात जुनी राजदूत, येझदी किंवा बुलेट अजून कुणाच्या ओसरीत, कुणाच्या गोठ्याशेजारी उभी दिसते. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१पासून जावा आणि पुढे येझदी बाहेर पडू लागल्या. १९९६ साली तो कारखाना बंद झाला. गाड्या मात्र राहिल्या. अशा गाड्या माझ्याकडे दुरुस्तीला येतात तेव्हा एक तक्रार हमखास असते. ॲव्हरेज कमी झाले, आणि उभ्या गाडीखाली पेट्रोल ठिबकते. अशा वेळी मी आधी कार्बोरेटरमधला फ्लोट पाहतो.

घरावरच्या पाण्याच्या टाकीतला बॉलकॉक आपल्या ओळखीचा आहे. पाणी चढले की गोळा वर येतो आणि नळ बंद होतो. फ्लोटचे काम तेच. टाकीतले पेट्रोल कार्बोरेटरच्या वाटीत उतरते, फ्लोट वर येतो आणि त्यासरशी नीडल पेट्रोलची वाट बंद करते. इंजिनाने पेट्रोल ओढले की फ्लोट खाली जातो आणि वाट पुन्हा उघडते.

जुने फ्लोट बहुधा पातळ पितळी पत्र्याचे, सांधा डाक देऊन जोडलेले. वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी सांध्याला केसाएवढी फट पडली, तरी पेट्रोल आत शिरते. फ्लोट जड होतो, पुरेसा तरंगत नाही, नीडल उघडीच राहते. मग धूर काळा येतो, प्लगवर काजळी धरते आणि वाटी भरून पेट्रोल बाहेर पडते. यात खर्चापेक्षा धोका मोठा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते. रात्री गाडी घरात घेणाऱ्यांनी चूल आणि देवापुढची समई आठवावी.

तपासणी अवघड नाही. इंजिन थंड झाल्यावर, उघड्यावर, विस्तवापासून दूर बसा. पेट्रोल कॉक बंद करा, वाटी डब्यात रिकामी करा. फ्लोटची पिन असेल तर हलक्या हाताने काढा. फ्लोट कानाशी धरून हलवा. आत खळखळ ऐकू आली तर निकाल लागला. शंका असेल तर घरातून गरम पाणी बाहेर आणून त्यात तो बुडवून धरा. आतली हवा फुगते आणि भोक असेल तिथून बुडबुडे निघतात. प्लास्टिकच्या फ्लोटला तडा आहे का ते पाहा. नीडलच्या टोकावर झिजून वळ पडला असेल तर तीही बदला. फ्लोट धड असूनही पेट्रोल वाहत असेल, तर नीडलखाली कचरा अडकला असण्याचा संभव आहे; आधी ती जागा साफ करा.

फुटक्या पितळी फ्लोटला डाक लावून घेण्याचा मोह होतो. पण आत पेट्रोलची वाफ राहिली असेल तर तापवताच स्फोट होऊ शकतो. शिवाय डाकाने फ्लोटचे वजन वाढते आणि पेट्रोलची पातळी बदलते. म्हणून नवा घ्यावा हे बरे. घेताना जुना फ्लोट आणि कार्बोरेटरचा नंबर सोबत न्या, कारण दिसायला सारखे फ्लोटही मापात वेगळे असतात. बसवल्यावर त्याची उंची त्या गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापाशी जुळवा. मग कॉक उघडून दहा मिनिटे थांबा. वाटी कोरडी राहिली तरच गाडी सुरू करा.

आता आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. पाथरी-गंगाखेडच्या ऊसवाल्यांना त्याचे नाव नवे नाही. इथेनॉल ओलावा धरते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर वाटीत पाणी साचते, धातूवर पांढरी बुरशीसारखी पूड धरते, जुने रबर फुगते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पेट्रोल उडून मागे चिकट थरही राहतो.

म्हणून गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल, तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा आणि उरलेले पेट्रोल वाटीतून काढून टाका. पुन्हा बाहेर काढाल तेव्हा आधी खाली वाकून पाहा. गाडीखालची जमीन कोरडी असली, की मग किक मारा.