तळपायाची चामखीळ आणि घरचे ब्लेड

तळपायाला टोचणारी कडक गाठ घेऊन येणारे बहुतेक रुग्ण निदान घरीच करून आलेले असतात. ‘डॉक्टर, काटा मोडून आत राहिलाय’ किंवा ‘कुरूप झालंय, कापून द्या’. रानात वावरणाऱ्याच्या पायात काटा राहू शकतो, हे खरे. परंतु यातल्या अनेकांच्या पायाला, विशेषतः शाळा-कॉलेजातल्या मुलांच्या, असते ती चामखीळ. हातावरची चामखीळ बाहेर वाढते, म्हणून सर्वांना ओळखू येते. तळपायावर शरीराचे वजन पडते, त्यामुळे ती आत दाबली जाते आणि थेट कुरुपासारखी दिसते.

कुरूप होते ते दाबामुळे. बूट घट्ट असला, बोट वाकडे असले, हाड वर आलेले असले, की तेथील कातडी घट्टे पडून टणक होते. कुरूप एकाचे दुसऱ्याला लागत नाही. चामखीळ मात्र ह्यूमन पॅपिलोमा या विषाणूमुळे होते आणि ती पसरते. फरक घरी पाहता येतो. पाय दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवून पुसावा व उजेडात नीट न्याहाळावा. बोटांच्या ठशांसारख्या बारीक रेषा तळपायाच्या कातडीवरही असतात. चामखिळीपाशी त्या तुटतात, कुरुपावर बहुधा तशाच पुढे जातात. चामखिळीत काळे ठिपके दिसतात. लोक त्यांना ‘मुळे’ म्हणतात, पण ती मुळे नव्हेत. रक्त साकळलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या आहेत. कुरूप वरून दाबले की दुखते, चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की अधिक दुखते.

पोलीस भरतीची तयारी करणारा एक तरुण माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या टाचेवर चामखिळींचा पुंजकाच झाला होता. सुरुवातीला एकच होती. दर रविवारी आंघोळीनंतर तो ती दाढीच्या ब्लेडने तासत असे, रक्त आले की हळद दाबत असे. शेजारच्या कातडीला बारीक जखमा होत गेल्या आणि विषाणूला वाट मिळत गेली. सोळाशे मीटर धावायचे आणि टाच टेकवत नाही, अशी त्याची अवस्था! रोज औषध लावून ती बरी व्हायला चार महिने लागले, आणि तेवढे दिवस त्याला सराव कमी करावा लागला.

ब्लेडखालोखाल माझा राग बिब्ब्यावर आणि चुना-सोड्यावर आहे. यांनी कातडी भाजते, आणि किती खोल भाजेल हे लावणाऱ्याच्या हातात राहत नाही. मधुमेही माणसाने तर हे प्रकार कदापि करू नयेत. साखरेच्या विकारात पायाची संवेदना कमी होते, रक्तपुरवठाही मंदावतो. भाजलेले कळत नाही आणि जखम भरत नाही. बिब्बा लावून आलेल्या एका मधुमेही शेतकऱ्याला आठ दिवसांत बोट गमवावे लागले. दुखत नव्हते म्हणून ते घरी थांबले होते. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या कॉर्न कॅपमध्येही बहुधा सॅलिसिलिक ॲसिडच असते. मधुमेह्यांनी तीसुद्धा स्वतःच्या मनाने लावू नये.

मग उपाय कोणता? लहान मुलांच्या चामखिळी पुष्कळदा एक-दोन वर्षांत आपोआप जातात. दुखत नसेल, पसरत नसेल, तर थांबणे हाही उपचारच आहे. पालकांना हे पटवणे मात्र कठीण जाते. दुखत असेल तर सॅलिसिलिक ॲसिडचे पेंट हे स्वस्त औषध आहे. रात्री पाय कोमट पाण्यात ठेवावा, मऊ झालेली पांढरी कातडी रक्त न येईल इतपत घासावी, भोवतालच्या चांगल्या कातडीला व्हॅसलीन लावावे आणि औषध फक्त चामखिळीवर लावावे. आग झाली तर दोन दिवस थांबावे. हे निदान बारा आठवडे चालवावे लागते. पंधरा दिवसांत ‘गुण नाही’ म्हणून सोडणारेच फार!

त्वचारोगतज्ज्ञ द्रव नायट्रोजनने चामखीळ गोठवतात. ते महागडे म्हणून हमखास, असे समजू नये. ब्रिटन व आयर्लंडमध्ये २४० रुग्णांवर झालेल्या व २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गोठवणे आणि ५० टक्के सॅलिसिलिक ॲसिड या दोन्हींनी बारा आठवड्यांत प्रत्येकी सुमारे १४ टक्के रुग्णच पूर्ण बरे झाले होते. म्हणजे झटपट इलाज कोणाकडेच नाही. गोठवणे वेदनादायक असते, हेही आधी विचारून घ्यावे.

घरातल्या न्हाणीघरात सर्वांची मिळून एक वज्री असते. ज्याला चामखीळ आहे त्याची वज्री, टॉवेल, मोजे आणि चप्पल वेगळी ठेवावी. वसतिगृहाच्या ओल्या फरशीवर व पोहण्याच्या तलावाच्या काठावर स्लीपर घालावी. घाम येणाऱ्यांनी मोजे रोज बदलावेत. मुलाला शाळेतून घरी बसवण्याची गरज नाही. चामखिळीवर चिकटपट्टी लावून त्याने खुशाल खेळावे.

गाठ बधिर असेल, तिथे जखम असेल किंवा उतारवयात तळपायावर नवा काळा डाग येऊन वाढत असेल, तर मात्र कोणतेही पेंट न लावता त्याच आठवड्यात डॉक्टरांना पाय दाखवावा. बधिरपणामागे कुष्ठरोग किंवा मधुमेह, आणि काळ्या डागामागे क्वचित त्वचेचा कर्करोगही असू शकतो.