गंजिफांचे अडणारे नियम

हल्लीं पुष्कळ शहरी घरांत मुलें राक्षस, जादूगार व उडते सर्प यांच्या चित्रांचीं पानें घेऊन तासन्‌तास खेळतात. इ. स. १९९३ मध्यें अमेरिकेंत रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाचा 'मॅजिक : द गॅदरिंग' हा खेळ प्रसिद्ध झाला, आणि तेथून या प्रकाराचा प्रसार झाला. त्यांतील एक नियम मोठा मासलेवाईक आहे. पानावर छापलेलें वाक्य आणि खेळाचा सामान्य नियम यांत विरोध आला, तर पानावरील वाक्य प्रमाण धरावयाचें. यावरून मुलांत वाद माजतात आणि वडीलधारी मंडळी 'हें कसलें परदेशी खूळ!' असें म्हणून बाजूस होतात. परंतु देवादिकांचीं चित्रें रंगविलेलीं पानें आणि प्रथमदर्शनीं चक्रावून टाकणारे नियम आपल्याकडे कित्येक शतकें होतेच. तो खेळ म्हणजे गंजिफांचा.

बाबरानें इ. स. १५२७ मध्यें सिंधमधील शाह हसन याजकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रांत आहे. मोगली गंजिफांत प्रत्येकीं बारा पानांचे आठ रंग, म्हणजे शहाण्णव पानें असत. पुढें हा खेळ हिंदु घरांत शिरला, तेव्हां रंगांच्या जागीं विष्णूचे दहा अवतार आले आणि पानांची संख्या एकशेंवीस झाली. प्रत्येक अवताराचा एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानें. पानें वाटोळीं असतात. मत्स्याचे पानावर मासा, कूर्माचे पानावर कासव, परशुरामाचे पानावर परशु, अशा खुणा असतात. जितक्या खुणा, तितक्या किंमतीचें पान. आपल्या प्रांतांत सावंतवाडी हें या कारागिरीचें माहेरघर होय.

येथवर कांहींच कठीण नाहीं. नवशिक्याची पहिली अडचण येते ती पानांच्या मानाची. सर्व रंगांत राजा पहिला व प्रधान दुसरा; पण त्यांच्या खालीं दहांपैकीं पांच रंगांत दश्शी श्रेष्ठ व एक्का कनिष्ठ, तर उरलेल्या पांचांत एक्का श्रेष्ठ व दश्शी अगदीं टाकाऊ! पहिल्यांना सुलट व दुसऱ्यांना उलट रंग म्हणूं. हा केवळ लहरीपणा वाटेल. पण युरोपांतील ऑम्ब्रे नामक जुन्या खेळांतही तांबड्या रंगांचीं आंकड्यांचीं पानें असाच उलटा मान पाळीत असत. यामुळें नुसत्या दश्श्या व नव्व्या हातीं आल्यानें कोणी बलाढ्य होत नाहीं. अर्ध्या रंगांत त्या पानांना मान, अर्ध्यांत अवमान. पुष्कळ खुणा दिसल्या कीं पान मोठें, ही डोळ्यांची संवय मोडून बुद्धीला कामाला लावणारा हा नियम आहे. तो लक्षांत ठेवण्यास सोपी युक्ति अशी : उलट रंगांतील पानाचा आंकडा अकरांतून वजा करावा. तिर्रीचे जागीं आठ येतात. म्हणजे उलट रंगांतील तिर्री ही सुलट रंगांतील अठ्ठीच्या तोडीची.

दुसरी अडचण आरंभाची. डाव दिवसां असेल तर ज्याचे हातीं रामाचा राजा, त्यानें उतारी करावयाची. रात्रीं हाच मान कृष्णाच्या राजाकडे जातो. राम सूर्यवंशी, कृष्ण चंद्रवंशी, हें आठवलें म्हणजे नियम विसरणें शक्य नाहीं. मोगली गंजिफांतही दिवसां सोन्याच्या नाण्याचा व रात्रीं रुप्याच्या नाण्याचा रंग असाच पुढें असे. फक्त दिवेलागणीच्या सुमारास बसणारांनीं दिवस धरावा कीं रात्र, हें पानें वांटण्यापूर्वींच ठरवावें. पानें पाहिल्यावर ठरवूं लागल्यास तंटा ठरलेला.

तिसरी अडचण सर्वांत फसवी, कारण ती एका परिचित शब्दांत दडलेली आहे. आपल्या नित्याच्या पत्त्यांत हुकूम म्हणजे इतर रंगांस कापणारा रंग. गंजिफांत असा कापणारा रंग मुळींच नसतो. उतारीच्या रंगांतील सर्वांत वरचें पान हात करतें. येथें हुकूम म्हणजे त्या घटकेस एखाद्या रंगांत बाहेर पडावयाच्या राहिलेल्या पानांतील सर्वश्रेष्ठ पान. आरंभीं राजा हुकूम. तो पडला कीं प्रधान हुकूम. सुलट रंगांत राजा, प्रधान, दश्शी व नव्वी पडून गेल्यावर अठ्ठी हुकूम होते. उलट रंगांत राजा, प्रधान, एक्का व दुर्री गेल्यावर तिर्रीला तोच अधिकार येतो. म्हणूनच ज्याचे हातीं प्रधान आहे पण राजा नाहीं, असा जाणता खेळाडू त्या रंगांतील हलकें पान टाकून राजा बाहेर ओढण्याचा यत्न करतो. एक हात गेला तरी प्रधान हुकूम बनतो.

तिघे खेळत असले तर प्रत्येकाचे वांट्यास चाळीस पानें येतात. उरलेलीं ऐंशीं पानें दुसऱ्यांचे हातीं. त्यांतून कोणतें पडलें, कोणतें राहिलें, आणि तो रंग सुलट कीं उलट, एवढें सारें स्मरणांत ठेवणें, हाच या खेळाचा आत्मा होय. वरील तीन गोष्टी समजल्या म्हणजे नियमांचें जंगल नाहींसें होतें आणि उरते ती स्मरणशक्तीची परीक्षा.

सावंतवाडीच्या राजघराण्यांतील शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनीं इ. स. १९७० नंतरच्या दशकांत राजवाड्यांत कारागीर बसवून ही मावळती कला सांवरून धरली. पानें वांचलीं, खेळाची गोष्ट निराळी. पुष्कळ घरांत हा सुंदर जोड भिंतीवर किंवा कपाटांत शोभेसाठीं ठेवलेला असतो आणि घरांतील कोणासही त्याचा डाव मांडतां येत नाहीं. रंग उडाला तर चितारी पुन्हां भरील. नियम जाणणारें शेवटचें माणूस गेलें तर ते कोण भरणार? मुळशीकडच्या डोंगराळ मुलखांत पावसाळ्यांत दिवसचे दिवस घराबाहेर पडवत नाहीं. अशा वेळीं आजोबांनीं नातवंडांकडून त्यांच्या राक्षसांचे नियम शिकून घ्यावेत व त्यांस मत्स्य-कूर्मांचे शिकवावेत. तिर्री अठ्ठीच्या तोडीची कशी, हें एकदां उमगलेलें मूल तो डाव पुढें आपल्या मुलांसही शिकवील.