उभ्या गाडीची उतरणारी बॅटरी

मोटारगाडी बंद करून कुलूप लावल्यावरही घड्याळ, चोरीरोधक यंत्रणा आणि इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक यांना थोडा विद्युतप्रवाह लागतोच, आणि तो साधारणतः 50 मिलिअँपिअरच्या आत असला तर स्वाभाविक मानला जातो. 45 अँपिअर-तास क्षमतेची, म्हणजे एक अँपिअर प्रवाह सुमारे 45 तास पुरवू शकणारी बॅटरी एवढ्या प्रवाहाने रिकामी व्हायला महिन्याहून अधिक काळ लागतो. परंतु डिकीतला दिवा जळत राहिल्याने वा एखादा रिले चिकटून बसल्याने प्रवाह अर्ध्या अँपिअरवर गेला, की चार दिवसही पुरतात.

बॅटरीच जीर्ण झालेली नाही ना, हे आधी पाहणे इष्ट. पूर्ण भारित आणि काही तास विसावलेल्या शिसे-आम्ल बॅटरीचा दाब 12.6 व्होल्टच्या आसपास असतो. त्यानंतर ऋण टोकाची तार सोडवून टोक आणि तार यांच्यामध्ये मल्टिमीटर जोडला, की गाडीत जाणारा सर्व प्रवाह त्यातून वाहतो व मोजता येतो. येथे घाई नडते: आधुनिक गाडीतील नियंत्रक निद्रावस्थेत जाण्यास कधी अर्धा तासही घेतात, आणि तोवरचा मोठा आकडा खरा मानणारा कारागीर निर्दोष भाग बदलून बसतो. आकडा स्थिरावल्यावर एकेक फ्यूज काढत जावे. जो काढताच आकडा कोसळतो, त्याच्याच मंडलात दोष असतो. कोणत्याही फ्यूजने फरक पडत नसेल, तर अल्टरनेटरमधील गळका डायोड संशयास पात्र ठरतो.

मीटर जोडलेला असताना इंजिन मात्र सुरू करू नये, कारण स्टार्टरचा शंभराहून अधिक अँपिअरचा प्रवाह मीटरमधील 10 अँपिअरचा फ्यूज क्षणात जाळतो.