पेशींचं कवच: गैरसमज आणि वस्तुस्थिती

टाइप 1 मधुमेहात शरीराची प्रतिकारयंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी नष्ट करते. अशा रुग्णाला दुसऱ्याच्या पेशी देता येतात. त्या जैवपदार्थाच्या कवचात ठेवल्या तर नाकारल्या जाणार नाहीत, ही कल्पनाही जुनी आहे. मुलाला रोज सुया टोचणाऱ्या आईवडिलांना या बातम्यांनी मोठी आशा वाटते. म्हणूनच त्यांना खरी स्थिती कळायला हवी.

गैरसमज: नव्या पेशी बसवल्या की मधुमेह कायमचा गेला.

वस्तुस्थिती: 2000 साली कॅनडातल्या एडमंटन इथे जेम्स शपिरो यांच्या चमूने दात्यांच्या पेशींचे पुंजके सात रुग्णांच्या यकृतात सोडले. सातही जणांचं इन्सुलिन घेणं बंद झालं, पण त्याऐवजी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं मागे लागली. या औषधांनी जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, काहींनी मूत्रपिंडांनाही इजा होते. शिवाय या पेशींवर हल्ला दुहेरी असतो: त्या परक्या म्हणून एक आणि मूळ आजाराचा दुसरा.

गैरसमज: कवच म्हणजे पेशींभोवतीची बंद भिंत.

वस्तुस्थिती: बंद भिंतीआड पेशी गुदमरतील. कवचातून ग्लुकोज आणि ऑक्सिजन आत जायला हवा, इन्सुलिन बाहेर यायला हवं आणि हल्लेखोर पेशी मात्र बाहेरच अडायला हव्यात. त्यासाठी सर्वाधिक वापरलं जातं ते तपकिरी समुद्री शेवाळापासून मिळणारं अल्जिनेट. त्याच्या द्रावणात पेशी मिसळून थेंब कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात सोडले, की प्रत्येक थेंब क्षणात मऊ, पारदर्शक मणी होतो. 1980 मध्ये लिम आणि सन यांनी असे मणी मधुमेही उंदरांच्या पोटात सोडले, तेव्हा त्यांची साखर सुमारे तीन आठवडे आटोक्यात राहिली.

गैरसमज: शेवाळातला पदार्थ नैसर्गिक आहे, शरीर तो स्वीकारणारच.

वस्तुस्थिती: शरीराला मणीही परकाच वाटतो. प्रतिकारयंत्रणेच्या मॅक्रोफेज पेशी त्याला चिकटतात, भोवती व्रणासारखं तंतुमय आवरण चढतं आणि आतला ऑक्सिजन तुटतो. पुष्कळ प्रयोग इथेच फसले.

मग अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी मण्याचा आकार तपासला. अर्ध्या मिलिमीटरच्या मण्यांपेक्षा मोहरीएवढ्या, दीड मिलिमीटरच्या मण्यांवर हे आवरण बरंच कमी चढत होतं. पुढे त्यांनी अल्जिनेटची रासायनिक रचनाही बदलली. 2016 मध्ये अशा मण्यांतल्या, मानवी मूलपेशींपासून बनवलेल्या बीटा पेशींनी उंदरांची साखर 174 दिवस सांभाळली, तीही प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांविना.

गैरसमज: हा उपचार आता मिळू लागला आहे.

वस्तुस्थिती: उंदरातलं यश माणसात उतरवणं अवघड ठरलं आहे. व्हर्टेक्स कंपनीने पेशी उपकरणात बंद करून माणसांत चाचणी घेतली, पण अपेक्षेइतकं इन्सुलिन तयार होईना, म्हणून 2025 मध्ये ती थांबवली. याच कंपनीच्या कवच नसलेल्या पेशींची पूर्ण मात्रा मिळालेल्या 12 पैकी 10 रुग्णांना वर्षानंतर इन्सुलिन लागत नव्हतं, मात्र प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागत होती.

संशोधन थांबलेलं नाही. शरीरातल्याच पाण्याच्या वाफेपासून पेशींना ऑक्सिजन पुरवणारं उपकरण एमआयटीने उंदरांत वापरून पाहिलं आहे.

असा उपचार येईपर्यंत इन्सुलिन हाच आधार आहे. टाइप 1 मध्ये ते थांबवलं तर रक्तात आम्ल साठण्याचा विकार, म्हणजे किटोअ‍ॅसिडोसिस होऊन जीवावर बेतू शकतं. कुणी पैसे घेऊन असा पेशी-उपचार देऊ करत असेल, तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत त्या चाचणीची नोंद आहे का हे आधी तपासावं आणि आपल्या डॉक्टरांना विचारावं.