वास्ते

वास्ते म्हणजे बांबूचे जमिनीतून नुकतेच वर आलेले कोवळे कोंब. महाराष्ट्राच्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत पावसाळ्यात त्यांची भाजी केली जाते. गोंड, माडिया आदी आदिवासी समाजांबरोबरच झाडीपट्टीतील इतर समाजांच्या आहारातही ही भाजी आहे. कोंबांना आणि त्यांपासून केलेल्या भाजीला वास्ते हेच नाव आहे. महाराष्ट्राच्या इतर भागांतून आलेल्या व्यक्तीला हा पदार्थ बहुधा प्रथम दिसतो तो आठवडी बाजारात किंवा रस्त्याकडेच्या विक्रेतीच्या टोपलीत.

वनस्पती व हंगाम

या भागातील जंगलांत मुख्यतः मानवेल (डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस) हा बांबू आढळतो. नाल्यांकाठच्या ओलसर जागी काटेरी बांबूही (बांबूसा बांबोस) वाढतो. बांबूच्या भूमिगत खोडांपासून पावसाच्या आरंभी नवे कोंब फुटतात. प्रत्येक कोंब एकाच हंगामात पूर्ण उंची गाठतो. पुढील वर्षांत त्याची उंची वाढत नाही, तो केवळ टणक होत जातो. त्यामुळे कोंब खाण्याजोगा राहण्याचा काळ थोड्या दिवसांचाच असतो. जुलै व ऑगस्ट हे वास्त्यांचे प्रमुख महिने होत.

याच काळात धानाची रोवणी चालू असते. घरातील जुने धान्य कमी झालेले असते आणि परसातील भाज्या अद्याप हाती आलेल्या नसतात. सात्या व टेकोडे ही अळंबी, तरोट्याची कोवळी पाने आणि वास्ते या रानभाज्या ही उणीव भरून काढतात.

विषारी घटक व प्रक्रिया

कच्च्या कोंबात टॅक्सिफायलिन हे संयुग असते. कोंब कापला वा चावला गेला की पेशी फुटतात आणि या संयुगाच्या विघटनातून हायड्रोजन सायनाइड हे विष तयार होते. कोंबाच्या शेंड्याकडे त्याचे प्रमाण अधिक असते. कच्च्या वास्त्यांची कडू चव याच संयुगामुळे येते.

टॅक्सिफायलिन उष्णतेने लवकर नष्ट होते. हायड्रोजन सायनाइडचा उत्कलनबिंदू सुमारे २६ अंश सेल्सिअस असल्याने ते वाफेबरोबर निघून जाते. पारंपरिक पद्धतीत कोंबावरील आवरणे सोलून बुडाचा निबर भाग टाकतात, उरलेल्या गराचे बारीक काप किंवा कीस करतात, तो पाण्यात भिजवतात आणि भरपूर पाण्यात उकडतात. उकडलेले पाणी फेकून कीस पिळून घेतात. विषाची वाफ बाहेर जावी यासाठी उकडताना भांडे उघडे ठेवणे आवश्यक असते.

पाककृती

पिळलेला कीस तेलावर कांदा, लसूण, मिरची व हळद यांसह परततात. त्यात भिजवलेली चण्याची डाळ घालण्याची पद्धत आहे. ही भाजी भाताबरोबर किंवा भाकरीबरोबर खातात. उकडलेले काप उन्हात वाळवून पुढील महिन्यांसाठी साठवले जातात. कोंबांचे लोणचेही घालतात. ताज्या कोंबात पाण्याचे प्रमाण सुमारे ९० टक्के असते. स्निग्धांश अत्यल्प असून तंतुमय पदार्थ व पोटॅशियम चांगल्या प्रमाणात मिळतात.

कोंबांचा असा वापर भारतात इतरत्रही होतो. छत्तीसगडमधील बस्तर भागात त्यांना बास्ता म्हणतात, तर कोंकणी भाषकांमध्ये कीर्ल या नावाने ते ओळखले जातात. मणिपूरमध्ये कोंब आंबवून सोइबुम करतात.

विक्री

चंद्रपूर, मूल, सिंदेवाही, गडचिरोली, धानोरा आदी ठिकाणच्या बाजारांत जंगलालगतच्या गावांतील स्त्रिया वास्ते विकतात. अखंड कोंब नगावर किंवा वाट्यावर, तर तयार कीस वाट्यावर विकला जातो. कीस केवळ भिजवलेला आहे की उकडलेला, हे पाहून सांगणे नवख्या ग्राहकाला कठीण असते. त्यामुळे घरी आणल्यावर तो पुन्हा उकडून घेणे सुरक्षित ठरते.

वनहक्क व कायदा

एक कोंब तोडणे म्हणजे एक बांबू कमी होणे. बेटातील सर्व कोंब काढल्यास त्या वर्षी नवा बांबू तयार होत नाही. दीर्घकाळ हा बांबू बल्लारपूरच्या कागद कारखान्यासारख्या उद्योगांचा कच्चा माल होता. वनविभागही त्याला लाकूड मानत असल्याने त्याच्या तोडणीवर व वाहतुकीवर निर्बंध होते.

वनहक्क कायदा, २००६ नुसार बांबूचा समावेश गौण वनोपजात झाला. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबू वाहतुकीच्या परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेकडे सोपविण्यात आले. भारतीय वन अधिनियम, १९२७ मधील वृक्षाच्या व्याख्येतून बांबू वगळण्याची दुरुस्ती २०१७ मध्ये झाली. तिचा लाभ प्रामुख्याने वनेतर जमिनीवरील बांबूला मिळाला.

सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांत जंगलाच्या संरक्षणाचे नियम करण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. त्यामुळे भाजीसाठी किती कोंब घ्यावेत आणि बांबू म्हणून किती वाढू द्यावेत, हा प्रश्न तेथे गावाच्या निर्णयाचा भाग बनतो.

संकलनातील धोके

दाट बांबूची बेटे ही वाघ व अस्वल यांच्या लपण्याची जागा असते. पावसाळ्यात झाडोरा वाढल्याने थोड्या अंतरावरचेही दिसत नाही. कोंब जमिनीलगत कापावा लागत असल्याने संकलन करणारी व्यक्ती वाकलेल्या किंवा बसलेल्या स्थितीत असते. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प आणि ब्रह्मपुरी वनविभागालगतच्या गावांसाठी हा धोका मोठा आहे. म्हणून तेथे जंगलात एकट्याने न जाता गटाने जाण्याच्या सूचना दिल्या जातात.