चंदनावर धरलेला मोगरा

चंदनाच्या तेलावर धरलेलं मोगऱ्याचं अत्तर मनगटाला लावलं की पहिल्या क्षणी थोडा विरसच होतो. गजऱ्याचा घमघमाट येईल म्हणून आपण हात नाकाशी नेतो आणि येतो तो ओलसर, हिरवट, किंचित मातकट वास. त्वचेची ऊब लागल्यावर दहा-पंधरा मिनिटांत मोगरा वर येतो. तास-दोन तास तो ठळक राहतो, मग हळूहळू खाली बसतो. संध्याकाळी उरतं ते दुधाळ, ऊबदार चंदन आणि त्यात मुरलेली फुलाची थोडी गोडी. परफ्यूमच्या दुकानांत ‘वूडी फ्लोरल’ म्हणून जी जात ओळखली जाते, तिचं हे आपल्याकडचं जुनं रूप. उत्तर प्रदेशातल्या कन्नौजला ते आजही तांब्याच्या भांड्यांतून काढलं जातं. अंगावर ते असं का वागतं, हे कळायला आधी लाकूड आणि फूल वेगवेगळं पाहावं लागतं.

चंदनाचा वास झाडाच्या गाभ्यात आणि मुळांत असतो. सालीखालचं पांढरट लाकूड जवळजवळ बिनवासाचं असतं. गाभा भरायला वर्षं लागतात, त्यामुळे पंधरा-वीस वर्षांच्या आतल्या झाडातून फारसं तेल हाती येत नाही. या तेलाचा निम्म्याहून मोठा भाग ‘सँटालॉल’ या द्रव्याच्या दोन प्रकारांनी भरलेला असतो. सँटालॉलचा रेणू जड असतो. त्याचा उत्कलनबिंदू 300 अंश सेल्सियसच्या आसपास आहे. साहजिकच ते हवेत फार सावकाश उडतं. त्याचा वासही तसाच, टोक नसलेला. नाकात घुसत नाही, पण तासन्‌तास हलत नाही.

मोगऱ्याचं याच्या नेमकं उलट. त्याच्या सुगंधात लिनालूल आणि बेंझिल अॅसिटेट ही दोन द्रव्यं महत्त्वाची. पहिलं ताजंतवानं वाटतं, दुसऱ्याला फळासारखी गोडी असते. दोघांचेही उत्कलनबिंदू 200 अंशांच्या आसपास, म्हणजे चंदनाच्या मानाने ही भराभर उडणारी मंडळी. यांच्या जोडीला इंडोल असतं. नुसतं आणि भरपूर हुंगलं तर इंडोलला डांबरगोळ्यांसारखा, काहीसा कुजकट वास येतो. पण अगदी थोड्या प्रमाणात तेच फुलाला भरदारपणा देतं. रात्री उशिरा गजरा जरा जडसर, मादक वाटतो त्यात इंडोलचा हात असतो. मोगऱ्याच्या कळ्या तोडल्यानंतरही उमलत राहतात आणि वास सोडत राहतात. म्हणूनच घट्ट कळ्या खुडून भट्टीपर्यंत नेता येतात.

कन्नौजमध्ये ज्या साधनानं फूल आणि लाकूड एकत्र आणतात त्याला देग-भपका म्हणतात. देग म्हणजे विटा-मातीच्या भट्टीवर बसवलेलं तांब्याचं मोठं भांडं. त्यात फुलं आणि पाणी घालतात, वर झाकण बसवतात आणि फट राहू नये म्हणून कडेला माती आणि कापूस लिंपतात. झाकणातून सुतळी गुंडाळलेली बांबूची नळी निघते ती भपक्यात उतरते. भपका हे लांब मानेचं, गोल पोटाचं तांब्याचं भांडं. ते गार पाण्याच्या हौदात बुडवून ठेवलेलं असतं आणि त्याच्या तळाशी चंदनाचं तेल असतं.

देगीखाली लाकडाचा किंवा गोवऱ्यांचा जाळ लागला की वाफ फुलांतला सुगंध घेऊन नळीवाटे भपक्यात येते. तिथे ती थंड होऊन पाणी होते आणि सुगंधाचा बराचसा भाग चंदनाच्या तेलात विरघळतो. तेल पाण्यापेक्षा किंचित हलकं, म्हणून ते वर तरंगतं. कारागिराकडे तापमापक नसतो. हौदात हात घालून तो भपका चाचपतो. भपका जास्त तापला तर सुगंध न निवता निसटून जाईल. म्हणून ओलं फडकं देगीवर फिरवून वाफ आवरायची किंवा भपका बदलायचा. भपका निवला की खालचं पाणी काढून पुन्हा देगीत घालतात, कारण त्यातही थोडा वास राहिलेला असतो. दुसऱ्या दिवशी फुलं नवी, तेल मात्र तेच. तेल फुलाच्या वासानं पुरतं भरेपर्यंत हा क्रम अनेक दिवस चालतो. शेवटी अत्तर चामड्याच्या कुप्पीत भरून ठेवलं की उरलंसुरलं पाणी चामड्यातून झिरपून उडून जातं.

यात चंदन दोन कामं करतं. ते फुलाचा वास साठवून घेतं आणि अंगावर तो सोडताना त्याला लगाम घालतं. हलकी द्रव्यं जड तेलात विरघळली की मोकळी असतानाच्या वेगानं उडू शकत नाहीत. म्हणून सुरुवातीचा स्फोट कमी होतो आणि टिकण्याचा काळ वाढतो. या अत्तराची ऊबही याच जोडणीतून येते. फूल फिकं होत जातं तसं खालचं लाकूड वर येतं. पण मधे सांधा दिसत नाही.

हीच जोडी स्प्रेच्या बाटलीत घातली तर काय होतं, ते पॅरिसच्या गेर्लां कंपनीच्या ‘समसारा’मध्ये कळतं. 1989 साली बाजारात आलेल्या या परफ्यूमची रचना जाँ-पॉल गेर्लां यांची. त्याचा कणाही जाई-मोगऱ्याच्या कुळातल्या जॅस्मिनचा आणि चंदनाचा. चंदनाला त्यांनी पॉलिसँटॉल या कृत्रिम द्रव्याची जोड दिली. शिवाय हा परफ्यूम अल्कोहोलमध्ये मिसळलेला. अल्कोहोल अंगावरून पाहता पाहता उडतं आणि जाताना सुगंध हवेत फेकतं, त्यामुळे असा परफ्यूम लावणाऱ्याच्या आधी खोलीत शिरतो. अत्तरात अल्कोहोल नाही. त्याचा दरवळ हातभर अंतरापलीकडे फारसा जात नाही. लोकलच्या गर्दीत किंवा ऑफिसच्या बंद एसी खोलीत हा गुणच ठरतो. मोठ्या समारंभात दूरवर दरवळ जावा अशी अपेक्षा असेल तर मात्र हे अत्तर कमी पडेल.

लावायचं ते एखादा थेंब, बाटलीच्या काडीनं टेकवण्याइतकंच. जागा उबेची निवडावी: मनगटाची आतली बाजू, कानाच्या पाळीमागे, कोपराची खोबण. मनगटं एकमेकांवर घासू नयेत. घर्षणाच्या उष्णतेनं वरचा हलका वास लवकर निघून जातो. पूर्वीची पुरुष मंडळी कानात अत्तराचा फाया ठेवत, ती युक्ती अजूनही चांगली. कापूस तेल धरून ठेवतो आणि वास हळूहळू सोडतो. हळदीकुंकवाला हाताच्या पाठीवर लावलेलं अत्तरही असंच, सहज नाकाशी नेता येतं.

हवामानाचा फरक पडतो. कोकण-मुंबईच्या दमट उन्हाळ्यात फूल पटकन वर येतं आणि घामात मिसळलं की गोडी जड वाटू लागते. तिथे आंघोळीनंतर कोरड्या अंगावर, नेहमीच्या निम्म्यानंच लावावं. थंडीत हेच अत्तर सर्वांत खुलतं. त्वचा कोरडी असेल तर आधी बिनवासाचं मलम चोळावं. वास जास्त टिकतो. पैठणीवर किंवा कुठल्याही रेशमावर थेंब टाकू नये, तेलाचा डाग जात नाही. आणि तासाभरानं आपल्यालाच वास येईनासा झाला तर लगेच दुसरा थेंब घेऊ नये. नाक सततच्या वासाला सरावतं; शेजारच्याला तो येतच असतो.

आता किमतीचं. अस्सल चंदनतेलाचा भाव किलोला लाख रुपयांच्या वर असतो. म्हणजे दहा ग्रॅम तेलाचेच हजार रुपये होतात. फुलं, सरपण, मजुरी वेगळी. तेव्हा दोनशे रुपयांना मिळणाऱ्या दहा मिलिलीटरच्या ‘चंदनी’ बाटलीत चंदनाचं तेल असणं शक्य नाही. तिथे बहुतेक वेळा लिक्विड पॅराफिन किंवा डीओपी हे कृत्रिम द्रावक वापरलेलं असतं. ही द्रव्यं फुलाचा वास धरून ठेवतात, पण त्यांना स्वतःचा वास नसतो. फूल ओसरलं की मनगटावर नुसता तेलकटपणा राहतो.

म्हणून बूच उघडून हुंगल्यावर निर्णय घेऊ नये. बाटलीत सगळीच अत्तरं गोड वाटतात. एका मनगटावर एकच अत्तर लावून दुकानाबाहेर पडावं, बाजारातली बाकीची कामं उरकावीत आणि चार-पाच तासांनी हात नाकाशी न्यावा. कृत्रिम चंदन तेव्हाही चकवू शकतं, पण तिथे लाकूडच नसेल तर मात्र संध्याकाळचं मनगट ते लपवू शकत नाही. पैसे त्यानंतर मोजावेत.