तेलावर जगणारे सूक्ष्मजीव

बेंबळीच्या शिवारातून समुद्र पाहावयाचा तर सह्याद्री ओलांडावा लागतो. त्यामुळे समुद्रात तेल सांडल्याची वार्ता धाराशिव जिल्ह्यातील वाचकास दूरची वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ट्रॅक्टर, मळणीयंत्र, विहिरीवरील ऑईल इंजिन आणि रस्त्याकडेची गॅरेजे यांच्याबरोबर खनिज तेल गावोगावी पोचले आहे. इंजिनातून काढलेले जळके ऑईल थोडे लाकडाला वाळवी लागू नये म्हणून लावले जाते. उरलेले पुष्कळदा बांधावर किंवा ओढ्याच्या काठी ओतले जाते. या तेलाचे पुढे काय होते, हा प्रश्न पिण्याच्या पाण्याशी निगडित असल्याने ग्रामपंचायतींच्या विचारार्थ येथे मांडला आहे.

जमिनीत आणि पाण्यात असे अनेक जिवाणू व बुरश्या आहेत की ज्यांना तेल हेच अन्न होय. यात आश्चर्य मानण्याचे कारण नाही. भूगर्भातील तेल कोट्यवधी वर्षांपासून समुद्रतळाच्या भेगांतून पाझरत आले आहे, आणि जेथे अन्न आहे तेथे ते खाणारा जीवही निर्माण झाला आहे. उत्तर समुद्रातील बोर्कुम बेटाजवळ सापडलेल्या आणि १९९८ मध्ये वर्णन केलेल्या ‘अल्कॅनिव्होरॅक्स बोर्कुमेन्सिस’ या जिवाणूचे उदाहरण बोलके आहे. स्वच्छ पाण्यात तो जेमतेम आढळतो. तेल सांडले की अल्पावधीत त्याची संख्या प्रचंड वाढते.

तेल म्हणजे मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन यांच्या साखळ्या व कडी. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून काही जिवाणू प्रथम साबणासारखा एक पदार्थ स्रवतात. त्यामुळे तवंगाचे बारीक थेंब होतात आणि त्यांना चिकटून बसणे जिवाणूंना सोपे जाते. नंतर विकरांच्या साहाय्याने ते साखळीच्या टोकाला प्राणवायू जोडतात. त्यातून प्रथम अल्कोहोल आणि पुढे मेदाम्ल तयार होते. मेदाम्ल झाले की काम सोपे होते. कारण ते पचविण्याची विद्या बहुतेक सर्व सजीवांना, आपल्यालाही, अवगत आहे. शेवटी कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि जिवाणूंची वाढलेली प्रजा एवढेच उरते. सरळ साखळ्या लवकर संपतात, कड्यांच्या रेणूंना वेळ लागतो आणि डांबरासारखा जड भाग जवळजवळ तसाच राहतो.

मात्र नुसत्या तेलावर कोणताही जीव वाढत नाही. त्यास नत्र आणि स्फुरदही हवे, आणि तेलात ही दोन्ही नगण्य असतात. ज्वारीच्या ताटाला युरिया कशासाठी देतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हे वेगळे समजावण्याची गरज नाही. २४ मार्च १९८९ रोजी अलास्काच्या किनाऱ्यावर ‘एक्झॉन व्हॅल्डेझ’ जहाजातून सुमारे ३७ हजार टन तेल सांडले, तेव्हा तेथील किनाऱ्यांवर खतेच टाकण्यात आली आणि स्थानिक जिवाणूंचे काम वेगाने झाल्याचे आढळले. तथापि, गोट्यांच्या थराखाली जेथे प्राणवायू पोचत नव्हता, तेथे ते तेल अनेक वर्षांनंतरही सापडत राहिले.

महाराष्ट्रालाही हा अनुभव आला आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एम.एस.सी. चित्रा’ आणि ‘खलिजा-३’ या जहाजांची टक्कर होऊन सुमारे ८०० टन इंधन तेल समुद्रात गेले. तिवरांच्या मुळांवर काळा थर चढला; मासळी खाण्यास लोक धजेनात आणि कोळी बांधवांचा धंदा काही काळ बसला. मक्याच्या कणसांच्या बुरकुंड्यांच्या भुकटीवर तेलभक्षक जिवाणूंचे मिश्रण वाढवून ते तेलाने माखलेल्या मातीत मिसळण्याचे तंत्र ‘टेरी’ या दिल्लीच्या संस्थेने विकसित केले आहे. ‘ऑईलझॅपर’ या नावाने ते तेल कंपन्यांच्या गाळावर वापरले जाते. हे जिवाणू निसर्गातूनच निवडलेले आहेत. डॉ. आनंद मोहन चक्रवर्ती यांनी अमेरिकेत प्रयोगशाळेत घडविलेला तेलभक्षक जिवाणू १९८० च्या तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने जगप्रसिद्ध झाला खरा. परंतु समुद्र स्वच्छ करण्याचे काम त्याच्या वाट्याला आले नाही.

आपल्या भागातील काळ्या जमिनीचा स्वभाव येथे ध्यानात घेतला पाहिजे. उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात. त्या वेळी ओतलेले तेल सरळ खाली उतरते. पावसाळ्यात ती फुगून हवा कोंडते आणि जिवाणूंचे काम थंडावते. खालच्या काळ्या पाषाणाच्या फटींतून एकदा तेल भूजलात शिरले, की तेथे प्राणवायू कमी व अन्नद्रव्येही कमी. विघटन अत्यंत मंद होते. म्हणून डिझेल सांडलेली माती तातडीने उचलावी हे उत्तम. विहिरीपासून दूर, खाली जाड प्लास्टिकचा कागद अंथरून ती वीतभर जाडीत पसरावी. कुजलेले शेणखत व थोडा युरिया मिसळावा, वाफसा राहील इतपत पाणी शिंपडावे, दर आठ-पंधरा दिवसांनी खालीवर करावी आणि पावसात वरून झाकावी. काही महिन्यांत वास व चिकटपणा कमी होऊ लागतो. त्या मातीत लगेच भाजीपाला मात्र घेऊ नये.

जळक्या ऑईलची गोष्ट निराळी आहे. इंजिनाच्या झिजेतून आलेले धातू त्यात असतात आणि धातू कोणताही जिवाणू पचवू शकत नाही. तेल संपले तरी ते मातीतच राहतात. २०१६ च्या नियमांनुसार असे तेल घातक कचऱ्यात मोडते व ते परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच द्यावयाचे असते. एकेका शेतकऱ्याकडे ते दोन-चार लिटरच निघते, तेवढ्यासाठी कोणी येत नाही. म्हणूनच ते बांधावर जाते. ग्रामपंचायतीने गॅरेजचालकांच्या सहकार्याने गावात एक झाकणाचे पिंप ठेवले, तर ते भरल्यावर उचलण्यासाठी अशा व्यावसायिकास बोलावणे शक्य होईल.